शनिवारची अंडी

आमच्याकडे माणूस शिकून मोकळा झाला की त्याच्या डोक्यात अंडी फोडतात. हार नाही, भाषण नाही. शेवटचा विषय सुटून तो दारातून बाहेर पडला रे पडला, की त्याचीच माणसं त्याच्यावर अंडी, पीठ, व्हिनेगर, येर्बाच्या कडू चहाचा उरलेला चोथा, घरात जे नासकं सापडेल ते सगळं ओततात, आणि कुणीतरी एक कात्री घेऊन केसांची वाट लावतं. डॉक्टर झाला तरी हेच, वकील झाला तरी हेच आणि रडतखडत शाळा संपवली तरी हेच. माझ्या वेळी डाव्या कानावरचे केस गेले, ते उगवेपर्यंत मी उन्हाळाभर टोपी घालून हिंडले. एवढं करून त्या शिक्षणाचा मला काय उपयोग झाला म्हणाल, तर मी मोटरसायकलवरून लोकांच्या घरी पिझ्झा पोचवते आणि तो थंड झाला की शिव्या खाते.

हल्ली अंडी मारणंही परवडेनासं झालंय. कोपऱ्यावरचा दुकानदार भाव खडूने लिहितो, कारण रंगाने लिहिला तर रंग वाळायच्या आत बदलावा लागतो. त्यामुळे लोक पीठ जास्त आणि अंडी कमी असा हिशेब करायला लागलेत. पण अजिबात अंडी नाहीत, असं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. तेवढी लाज आमच्या गल्लीत शिल्लक आहे.

आता लिचोबद्दल. त्याचं खरं नाव लिसांद्रो, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. माझा मावसभाऊ, नेलिदामावशीचा एकुलता एक. त्याचा बाप तो रांगत असताना दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर काम मिळतंय म्हणून गेला, तो अजून पोचायचाय. मावशी शहरात एका नोटरीच्या घरी लादी पुसण्यापासून शर्टांना इस्त्री करण्यापर्यंत सगळं करते. लिचोची शाळा तशी दोन वर्षांपूर्वीच संपली होती. संपली म्हणजे काय, सगळे विषय सुटले आणि रसायनशास्त्र राहिलं. ते एक सुटेपर्यंत शाळा पूर्ण केल्याचा कागद मिळत नाही. दरवेळी परीक्षेला बसायचा आणि दरवेळी पडलेल्या तोंडाने परत यायचा. मधल्या काळात त्याने गाड्या धुतल्या, सिग्नलला जाहिराती वाटल्या, मंडईत बटाट्याची पोती उचलली. सगळी काळी कामं. काळी म्हणजे कागदावर नसलेली: आज ये म्हटलं की यायचं, उद्या नको म्हटलं की घरी बसायचं, हात मोडला तर तो तुमचा हात.

आणि मग हायवेवरच्या बिस्किटांच्या कारखान्याने माणसं घ्यायची ठरवली. भट्टीच्या खात्यात, पांढरी नोकरी, म्हणजे पगाराची पावती, विमा, भरपगारी रजा, सगळं. दक्षिणेचा वारा सुटला की त्या कारखान्याचा व्हॅनिलाचा वास आमच्या गल्लीभर पसरतो. लहानपणापासून आम्ही तो वास फुकट खात आलोय. अट एकच होती, शाळा पूर्ण झालेली हवी. आणि मुलाखत नेमकी रसायनशास्त्राच्या परीक्षेच्याच दिवशी. सकाळी आठला शाळेत तोंडी परीक्षा, अकराला कारखाना. मध्ये घरी येऊन अंघोळ करायला वेळ नाही.

म्हणून आदल्या रविवारी मावशीच्या स्वयंपाकघरात मी सगळ्यांना बसवलं. लिचोचा मित्र बेतो, शाळेतली आणखी चार-पाच टगी पोरं, आणि मावशी. मी स्पष्ट सांगितलं, पास झालाच तर त्या दिवशी कुणी त्याच्या केसालाही हात लावायचा नाही. अंडी शनिवारी. शनिवारी त्याला पिठात लोळवा, तळा, काय करायचं ते करा. बेतोने आईची शपथ घेतली. बाकीच्यांनीही घेतली, अर्थात बेतोच्याच आईची. मावशी ओट्याशी उभी होती, तिने मान हलवली. तिच्याकडून शपथ घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. या बाईने आयुष्यात कधी शिळा पावसुद्धा फेकलेला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी मोटरसायकल लावून उभी होते. हँगरला त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो मावशीने नोटरीच्या शर्टांच्या बरोबरीने, नोटरीच्याच इस्त्रीने कडक केला होता. आमचा फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, सकाळी साडेआठलाच डांबर मऊ झालेलं. नऊ वाजून गेले आणि लिचो बाहेर आला. तोंड इतकं गंभीर की मी मनात म्हटलं, गेला पुन्हा. मग त्याने एका हाताची पाच बोटं वर केली आणि दुसऱ्या हाताचं एक. सहा. पास व्हायला दहापैकी सहाच लागतात. मी त्या गाढवाला मिठी मारली. कागद आठवडाभराने मिळणार होता, कारण सह्या करणाऱ्या बाई संपावर होत्या. म्हटलं, नसू दे, मुलाखतीत सांगू. त्याने तिथेच रस्त्यावर टीशर्ट काढून पांढरा शर्ट चढवला. 

तेवढ्यात बसथांब्याच्या आडून मावशी आली. कामावरचा निळा झगा तसाच अंगात. नोटरीच्या बायकोला दात दुखतोय सांगून आली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, म्हटलं बघा, आई ती आई. तिने पिशवीत हात घातला तेव्हाही मला वाटलं रुमाल काढतेय.

पहिलं अंडं लिचोच्या कपाळावर बसलं. नेम असा की रोजचा सराव असावा. दुसरं खांद्यावर, तिसरं तो हाताने अडवायला गेला तर हातातच फुटलं. मावशी रडत होती आणि मारत होती, मारत होती आणि त्याचे मुके घेत होती, त्यामुळे तीही सगळी बरबटली. अख्खा ट्रे आणला होता बाईने. तिच्या घरात ऑम्लेट असलं की दोघांत एक अंडं असतं. आणि आईनेच सुरुवात केली म्हटल्यावर बेतो आणि कंपनी कशाला मागे राहतेय. शपथ घेतलेल्या लोकांच्या दप्तरात किलोभर पीठ कशाला असतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पीठ आलं, व्हिनेगर आलं, चोथा आला, कात्री आली. मी मध्ये पडून कात्री हिसकावेपर्यंत कपाळापासून मागेपर्यंत एक पट्टा साफ झाला होता.

मी मावशीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईच्या सख्ख्या बहिणीला माणूस असं बोलत नाही, एवढंच सांगते. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "राहवलं नाही गं."

कारखान्याच्या वाटेवर पेट्रोलपंप आहे. तिथे लिचोला उतरवून मी म्हटलं, जा, डोकं धू, पटकन. हेल्मेट मी त्याला दिलं नव्हतं. एकच आहे, आणि मला रोज ते डोक्यात घालायचं असतं. आता अंडं थंड पाण्याने धुवायचं असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. या शहाण्याने घाईघाईत गरम पाण्याचा नळ सोडला. तासाभरापूर्वी तीन मास्तरांसमोर बसून प्रथिनं तापल्यावर त्यांचं काय होतं याचं उत्तर देऊन पास झालेला माणूस. बाहेर आला तेव्हा अंडं केसांतच शिजलं होतं, आणि पांढरे तुकडे निवडून काढत आम्ही दहा मिनिटं घालवली. शर्ट पिळून पुन्हा घातला. उन्हात तो वाळायला लागला, तसा वास यायला लागला.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, पीठ-अंडी मागच्या दाराने आत घेतात. पण मग यादीत नाव बघून त्याने सोडलं, वर अभिनंदनही केलं. आत बाकावर बाकीचे उमेदवार बसलेले मला बाहेरूनच दिसत होते. सगळे इस्त्रीचे. एकजण तर, पहारेकरी म्हणाला, फायनान्सची पदवी घेऊन भट्टीवर उभं राहायला आला होता. लिचो बसला तसे शेजारचे दोघं सरकून बसले. मी फाटकाबाहेर उभी राहून मनातल्या मनात मावशीला पुन्हा एकदा सगळं ऐकवलं.

आत काय झालं ते लिचोने मला नंतर सांगितलं. मुलाखत घेणारी बाई तिशीची, पंख्याकडे तोंड करून बसलेली. तिने खाली बघतच शाळेचा कागद मागितला. लिचो म्हणाला, कागद व्हायचाय. बाई म्हणाली, सगळे असंच सांगतात, कशावरून पास झालास. लिचोने डोकं पुढे केलं. बाईने वर बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसत तिने सांगितलं की तिच्या वेळी तिच्या भावांनी कोंबडीखत आणलं होतं. मग आई कशी, घरी कोण, असं सगळं विचारलं. आईने मारली अंडी, हे ऐकून ती पुन्हा हसली. मग तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझ्या आधीच्या सगळ्यांना मी 'आम्ही फोन करू' म्हणून सांगितलंय. तुला नाही सांगवत. आम्ही कुणालाच फोन करणार नाही. आज सकाळी वरून निरोप आलाय, सोमवारपासून एक भट्टी बंद. आहेत तीच माणसं काढायची आहेत. मला मुलाखती थांबव असं कुणी सांगितलं नाही, म्हणून घेतेय."

लिचोने विचारलं, मग तुमचं काय. ती म्हणाली, माझं नाव यादीत कितवं आहे ते मला अजून दाखवलेलं नाही. उठताना तिने त्याला तुटक्या बिस्किटांची एक मोठी पिशवी दिली. सोमवारपर्यंत कुणाला सांगू नकोस, म्हणाली. आम्ही दोघांनी ती बिस्किटं हायवेच्या कडेला बसून खाल्ली. मला वाटलं होतं लिचो रडेल. तो म्हणाला, चांगली होती गं बाई.

खरी पंचाईत पुढेच होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की नेलिदाने अंडी मारून पोराची नोकरी घालवली. बेतोने तोंड लपवलं. कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याने अंडी विकली होती, तोही मान हलवून म्हणाला की बायकांना धीर नसतो. मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, निळा झगा अजून अंगातच, पुढ्यात काही रांधलेलं नाही. लिचो तिच्यासमोर बसला आणि बाईला दिलेला शब्द पुन्हा एकदा मोडून त्याने सगळं सांगितलं. भट्टी, निरोप, सोमवार. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याच्या कापलेल्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"गुणाचा आहेस," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून एवढी गोष्ट रचलीस."

मी शपथेवर सांगितलं. माझ्यावर तर तिचा त्याहून कमी विश्वास बसला. तिचं म्हणणं असं, की एवढा मोठा कारखाना सकाळी माणसं घ्यायला बोलावतो आणि त्याच सकाळी माणसं काढायची ठरवतो, असं कुठे असतं का. वेडेबिडे आहेत का ते. तिला कसं समजवायचं? मी सात नोकऱ्या केल्यात, मला हे रोजचं आहे. ती गेली सतरा वर्षं एकाच घरात लादी पुसतेय, तिच्या जगात नोकरी गेली म्हणजे कुणीतरी काहीतरी फोडलेलं असतं.

मी वैतागून विचारलं, शनिवारपर्यंत थांबायला काय धाड भरली होती?

तिने झग्याच्या टोकाला हात पुसले. मग म्हणाली, "त्या घरात दोन मुलगे शिकले. एक डॉक्टर, एक आर्किटेक्ट. दोघांची अंडी मी काढली. फरशीच्या फटींतून, टॉवेलांतून, पायपुसण्यातून. आठवडाभर वास जात नाही गं. दरवेळी गुडघ्यावर बसून घासताना म्हणायचे, माझ्या घरी एकदा सांडू दे. तुला सोडलं तर आमच्या घरात आजवर कुणालाच अंडं लागलेलं नाही. ना मला, ना तुझ्या आईला, ना आमच्या आईबापांना. शनिवारी तो पास झालेला नसता, तो सकाळी झाला होता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठून तिच्या न्हाणीघरात गेले, तर तिथे लिचोने अंघोळ करून सगळं तसंच टाकलं होतं. टरफलं, पीठ, केस. तिने ते पुसलेलं नव्हतं.

शनिवार-रविवार ती कुणाशी बोलली नाही. रविवारी रात्री माझ्याकडे आली आणि म्हणाली, उद्या कामावर जायच्या आधी मला त्या कारखान्यात ने. त्या बाईच्या पाया पडते, सांगते की पोराचा दोष नाही, आईच मूर्ख आहे, त्याला पुन्हा एकदा बोलवा. मी खूप सांगितलं. लिचोने दार अडवलं. शेवटी मी म्हटलं, चल, तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय ना, चल.

सोमवारी सकाळी तिला मागे बसवून निघाले. तिने चर्चला जायची चप्पल घातली होती आणि केस घट्ट बांधले होते. वाटभर माझ्या पाठीमागे काय बोलायचं ते पुटपुटत होती. हायवेच्या वळणावरच काळा धूर दिसला. व्हॅनिलाच्या वासात जळक्या रबराचा वास मिसळला होता. फाटकासमोर टायर पेटवलेले, ढोल वाजत होता, आणि कारखान्याच्या पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं रस्ता अडवून उभी होती. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप. भट्टी एक नाही, सगळ्याच बंद केल्या होत्या. मुलाखत घेणारी ती बाई मी पाहिलेली नव्हती, पण बहुतेक तीच असावी, कारण ऑफिसातले कपडे घातलेली एकच बाई तिथे होती आणि तीही ढोलाशेजारीच उभी होती.

मावशी मोटरसायकलवरून उतरली. धुराकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, आणि हसायला लागली. खरंच सांगते, एवढी माणसं रस्त्यावर आलेली आणि ही बाई पदरी पुण्य पडल्यासारखी हसतेय. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जवळच्या एका टोपीवाल्या बाईने विचारलं, काय झालं हसायला. मावशीने तिचे दोन्ही हात धरले.

"माझ्यामुळे नाही," ती तिला सांगायला लागली. "माझा मुलगा पास झाला, मी त्याला अंडी मारली, आणि मला वाटलं त्यामुळे तुम्ही त्याला घेतलं नाही. पण माझ्यामुळे नाही हो."

ती बाई एकोणीस-वीस वर्षं तिथे पुडे भरत होती. मला वाटलं आता ही मावशीच्या थोबाडीत देणार. तिने फक्त विचारलं, कुठला विषय राहिला होता. मावशीने सांगितलं, रसायनशास्त्र. ती म्हणाली, माझ्या मुलीचं गणित राहिलंय, ती म्हणते कशाला सोडवू. दोघी तशाच हात धरून उभ्या राहिल्या. मग कुणीतरी हाक मारली आणि ती बाई टायरांकडे गेली.

मावशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हसू गेलं होतं. बराच वेळ ती त्या पांढऱ्या टोप्यांकडे बघत होती. तिला कामावर उशीर होत होता, तरी ती हलेना.

"माझ्यामुळे गेली असती तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस.

"नाही, खरंच. माझ्यामुळे गेली असती तर पुढच्या वेळी मी अंडी मारली नसती, आणि त्याला मिळाली असती. आता पुढच्या वेळी काय करायचं नाही, ते मी कुणाला विचारू?"

तोंडाळ म्हणून सगळी गल्ली मला ओळखते. मी मोटरसायकल सुरू केली आणि तिला नोटरीच्या घरी सोडलं.